गिटार परवडेल, पॉलिसी परवडणार नाही

वाचकाचे पत्र: मी बोरिवलीला राहतो, वय 56. एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथे) 31 वर्षे नोकरी करून पाच आठवड्यांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तीची रक्कम मिळून, कर वजा जाता, 47 लाख रुपये हाती आले. घर स्वतःचे आहे, मुलगी नोकरीला लागली आहे, आम्हा दोघांचा खर्च महिना 36 हजार आहे. पीपीएफमध्ये 12 लाख आहेत. मला हाताने फ्लामेंको गिटार बांधण्याची आवड आहे. मागच्या जुलैत पहिली गिटार जोडली. डिसेंबरात तिच्या तबलीला (समोरच्या पातळ लाकडी पाटाला) चीर गेली, पण आवाज चांगला आहे. आता मागच्या खोलीत कार्यशाळा उभारून महिना 40 हजार मिळवावेत असा विचार आहे. त्यासाठी 4 लाख लागतील; यंत्रे, सहा गिटारींचे परदेशी लाकूड वगैरेंची यादी सोबत आहे. ते एफडी मोडून उभे करावेत की वैयक्तिक कर्ज घ्यावे? बाकीच्या पैशांची काळजी नाही. बँकेच्या सल्ल्याने ते सुरक्षित योजनेत गुंतवले आहेत. वर्षाला 6 लाख, सात वर्षे भरायचे, पंधरा वर्षांनी 68 लाख करमुक्त मिळतील. बॉण्ड 19 दिवसांपूर्वी हातात आला.

उत्तर: वैयक्तिक कर्ज मुळीच घेऊ नये, आणि एफडी मोडण्याचीही गरज नाही, कारण पहिल्या टप्प्यात आपल्याला 4 लाख लागणारच नाहीत. गिटारीबद्दल पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी पत्रातील शेवटच्या तीन वाक्यांविषयी लिहिणे भाग आहे. आपण त्याबद्दल काही विचारलेले नाही, पण तिथे अकरा दिवसांची मुदत उरली आहे.

आपण जिला सुरक्षित योजना म्हणता ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे, आणि तिच्यात आपण एकदाच 6 लाख ठेवलेले नसून सात वर्षांत 42 लाख भरण्याचे मान्य केले आहे, तेही पगार बंद झाल्यानंतर. हिशेब मांडून पाहावा. 47 लाखांतून पहिला हप्ता गेला, राहिले 41. पुढचे सहा हप्ते मिळून 36 लाख. कार्यशाळेचे 4. हाती उरतो 1 लाख, आणि आपला घरखर्च वर्षाला सव्वाचार लाखांच्या वर आहे. महिना 40 हजारांची अपेक्षा आपल्या पत्रात कुठून आली, ते हा हिशेब केल्यावर माझ्या लक्षात आले. तो आकडा गिटारींच्या बाजारभावावरून आलेला नाही. घरखर्चाचे पैसे पॉलिसीकडे गेले आणि घर चालवण्याचा भार गिटारीवर येऊन पडला.

परतावाही पाहू. 42 लाखांचे 68 लाख हे ऐकायला मोठे वाटते, पण प्रत्येक हप्ता सरासरी बारा वर्षे अडकून राहतो, आणि त्या हिशेबाने वर्षाचा दर जेमतेम 4 टक्के पडतो. आपल्याच वयाच्या निवृत्त माणसाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज 8.2 टक्के मिळतात. ‘करमुक्त’ हा शब्द तर सरळ चुकीचा आहे. 1 एप्रिल 2023 पासून काढलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता 5 लाखांपेक्षा जास्त असेल, तर मुदतीअंती मिळणाऱ्या नफ्यावर कर लागतो. केवळ मृत्यूनंतर वारसांना मिळणारी रक्कम करमुक्त राहते. आपला हप्ता 6 लाखांचा आहे, म्हणजे 26 लाखांचा नफा वयाच्या 71 व्या वर्षी एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरला जाईल. 80सीची वजावट दाखवून हे विकले गेले असेल, तर आता आपल्याला पगार नाही आणि वाचवण्यासारखा करही नाही. निवृत्त माणसाच्या खात्यात मोठी रक्कम जमा झाल्याबरोबर त्याला बोलावून त्याच्या गळ्यात दीर्घ मुदतीचा हप्ता बांधणे हा सल्ला नव्हे, आणि असे पत्र वाचले की मला दर वेळी तितकाच राग येतो.

सुदैवाने पॉलिसीची कागदपत्रे (आपण म्हणता तो बॉण्ड) हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती रद्द करण्याचा हक्क आपल्याला आहे. यालाच फ्री-लूक म्हणतात. आजच विमा कंपनीला, बँकेला नव्हे, लेखी अर्ज द्यावा. त्यात पॉलिसी क्रमांक, कागदपत्रे मिळाल्याची तारीख आणि ‘अटी मान्य नसल्याने फ्री-लूक मुदतीत पॉलिसी रद्द करीत आहे’ एवढे एक वाक्य असले तरी पुरते. सोबत रद्द केलेला धनादेश जोडावा. अर्ज कंपनीच्या शाखेत स्वतः नेऊन द्यावा, प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि तोच मजकूर ई-मेलनेही पाठवावा. तेवढ्या दिवसांच्या विमा जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि झाली असल्यास वैद्यकीय तपासणीचा खर्च कापून बाकीचे पैसे परत मिळतात. बँकेतून फोन येतील, एखादा वर्षभर थांबण्याचा आग्रह धरेल, कोणी घरी येऊन बसेल. त्यांच्याशी वाद घालू नये आणि कोणत्याही कागदावर सही करू नये. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद लागली नाही तर सांताक्रूझच्या विमा लोकपालांकडे जावे. त्यासाठी वकील लागत नाही.

मी एवढ्या घाईने लिहितो आहे त्याला कारण आहे. 2008 साली माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून एका बँकेने त्यांना अशीच पॉलिसी दिली होती. तेव्हा ही मुदत 15 दिवसांची होती, आणि ते कागद माझ्यासमोर आले तेव्हा अठरावा दिवस होता.

आता 47 लाख पुन्हा एकत्र धरू. त्यांतील 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. साठीच्या आत असूनही, वयाच्या 55 नंतर निवृत्त झालेल्या व्यक्तीला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे खाते उघडता येते. आपले पाच आठवडे उलटले आहेत. पॉलिसीचा परतावा येण्याची वाट पाहू नये, हे 30 लाख आजही आपल्याकडे आहेत. त्यांचे तिमाहीला 61,500, म्हणजे महिना साडेवीस हजार. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत 9 लाख ठेवले, तर सध्याच्या 7.4 टक्क्यांनी आणखी साडेपाच हजार. एकूण 26 हजार. अडीअडचणीसाठी 6 लाख बँकेत ठेवावेत. उरतात 2 लाख. पीपीएफला हात लावू नये. महागाईला तोंड देण्यासाठी पुढे तेच उपयोगी पडतील. म्हणजे दरमहा तूट 10 हजारांची आहे, आणि 58 व्या वर्षी ईपीएसचे निवृत्तिवेतन सुरू झाले की तीही बरीच कमी होईल.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही आणि ती नसल्यामुळेच मला खटकते. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही संपला असणार. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल करून मिळतो का, हे या आठवड्यात विचारावे. तसे झाल्यास आधीच्या वर्षांचा लाभ मिळू शकतो. नवी पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. दोघांचा 10 लाखांचा विमा वर्षाला 40 हजारांच्या आसपास पडेल; तो वरच्या 2 लाखांतून घ्यावा.

आता गिटार. फ्लामेंको गिटार वजनाला हलकी असते. स्प्रूसची तबली दोन मिलिमीटरच्या आसपास तासलेली, बाजू आणि पाठ सायप्रसची, तारा फळीच्या अगदी जवळ, आणि बोटांच्या ठोक्यांपासून तबली वाचावी म्हणून तिच्यावर पातळ पट्टी. आयुष्यभर पॅटर्न शॉपमध्ये सूतभर फरकासाठी लाकूड पुन्हा तासलेल्या हाताला हे काम जमेल याविषयी मला शंका नाही. शंका खोलीच्या हवेची आहे. मुंबईत जुलैत हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर जाते. त्या हवेत फुगलेली तबली आपण आतल्या आधाराच्या पट्ट्यांवर चिकटवली, डिसेंबरच्या कोरड्या दुपारी लाकूड आकसले, आणि पट्ट्यांनी धरून ठेवलेल्या तबलीला रेषेत चीर गेली. गिटार बांधणारे 45 ते 50 टक्के आर्द्रतेत चिकटवण्याचे काम करतात ते याचसाठी. म्हणून आपल्या यादीत आर्द्रतामापक आणि हवा कोरडी करणारे यंत्र सर्वांत आधी असायला हवे होते. ते यादीतच नाही, आणि बँडसॉ व सँडरसाठी मात्र 2 लाख आहेत. बोरिवलीच्या सोसायटीत त्या यंत्रांचा आवाज आणि धूळ शेजारी किती दिवस सोसतील? ओळखीच्या वखारीत किंवा जुन्या सहकाऱ्याच्या शॉपमध्ये फळ्या कापून आणाव्यात आणि घरी रंधा, पटाशी, कानस आणि क्लॅम्प यांवर काम चालवावे.

सहा गिटारींचे परदेशी लाकूड एकदम मागवण्याचीही घाई नको. मानेसाठी वापरले जाणारे स्पॅनिश सीडर ‘साइट्स’ या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात येते, त्यामुळे ते मागवताना परवान्याची कागदपत्रे लागतात. आपल्याकडचे तूण त्याच कुळातले आहे, एका मानेवर ते करून पाहावे. पाठीला आणि बाजूंना शिसव वापरले तर गिटार ‘नेग्रा’ प्रकारात मोडते, पण सर्व शिसव जातीही 2017 पासून याच करारात आहेत, म्हणून लाकडाचे बिल जपून ठेवावे. पॉलिशची लाख आणि सरस इथेच मिळतात. एका गिटारीचे लाकूड, क्लॅम्प आणि हवेचे यंत्र मिळून 80 हजार धरावेत.

उत्पन्नाचा अंदाज मी असा करतो: एका गिटारीला दीडशे ते दोनशे तास, शिवाय सुकण्याचे आणि पॉलिशचे आठवडे, वर्षाला पाच गिटारी झाल्या तरी पुष्कळ. अनोळखी कारागिराच्या सुरुवातीच्या गिटारीला 45 हजार मिळाले आणि साहित्याला 22 हजार गेले, तर वर्षाला 1 लाख 15 हजार उरतात, म्हणजे महिना साडेनऊ हजार. ज्यांच्या आराखड्यावरून आजची स्पॅनिश गिटार घडली, त्या अंतोनिओ दे तोर्रेस यांनी आल्मेरियाला परतल्यावर काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवून फावल्या वेळात गिटारी केल्या, आणि पुढे उतारवयातही वर्षाला त्या साधारण बाराच होत. मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीरही नव्या वाद्यांबरोबर जुन्यांची जवारी (आवाजासाठी घोडी घासून जुळवणे) आणि दुरुस्ती करतात. आपणही फ्रेट घासणे, सुटलेला ब्रिज पुन्हा चिकटवणे, तारांची उंची बसवणे ही कामे आधी घ्यावीत. त्यांना लाकूड विकत घ्यावे लागत नाही आणि पैसे आठवड्यात मिळतात.

पॉलिसी रद्द झाली, तर गिटारीकडून महिना आठ-दहा हजार आले तरी घर चालते. पुढची गिटार ऑक्टोबरनंतर, हवा उतरल्यावर, जोडायला घ्यावी. ती पुढच्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत टिकली, तर तिच्यानंतरच्या गिटारीचे लाकूड घ्यावे. विमा कंपनीच्या शिक्क्याची प्रत मात्र मला याच आठवड्यात पाठवावी.