मिशी फुटली नाही, म्हणून इंजेक्शन?

"मॅडम, आवाज फुटला नाही, मिशीचा पत्ता नाही. वर्गातली पोरं बारक्या म्हणतात. हार्मोनचं इंजेक्शन देऊन टाकू का?" सिडकोतल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा नववीत, वय 14 वर्षं 3 महिने. इंजेक्शन सुचवलं होतं जिममधल्या कुणीतरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मिशीवरून अंदाज बांधू नये, ती शेवटी-शेवटी येते. मुलांमध्ये आधी वाढतात वृषणं, आणि त्यांना हुकूम मेंदूतून येतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या किसपेप्टिन पेशी जीएनआरएच हे संप्रेरक (हार्मोन) बनवणाऱ्या पेशींना चेतवतात, ते थांबून-थांबून सुटतं, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी त्यावर एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते. एलएच पोचलं की वृषणं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनवू लागतात. सुरुवातीला हे सगळं रात्री, झोपेत चालतं. जीएनआरएच सतत मिळत राहिलं तर पिट्युटरी दाद देणंच सोडते. फार लवकर वयात येणाऱ्या मुलींना ते थांबवायला महिन्याने किंवा तीन महिन्यांनी दिलं जाणारं इंजेक्शन नेमकं हेच साधतं.

जिममधल्या सल्ल्याचाही धोका असाच आहे. बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू आपला हुकूम बंद करतो, शिवाय हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची कायमची खुंटते. काही मुलांना डॉक्टर कमी मात्रेत, 3 ते 6 महिने देतात, पण तपासणीनंतर.

आईला शाळेच्या आरोग्य कार्डावरच्या उंचीच्या नोंदी आणायला सांगितलं. वर्षात 5 सेंटिमीटर वाढ, म्हणजे ठीक. 4 च्या खाली असती तर थायरॉईडपासून सगळं बघावं लागलं असतं. बालरोग संप्रेरकतज्ज्ञांनी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला: हाडांचं वय साडेबारा, म्हणजे खऱ्या वयाच्या मागे. मग मण्यांची माळ, 1 ते 25 मिलिलिटरचे 12 मणी, वृषणाशी ताडून बघायचे. 4 मिलिलिटरला वयात यायला सुरुवात झाली असं धरतात. याचं 5 निघालं. सकाळी आठला घेतलेल्या रक्तातही एलएच जागं झालेलं दिसलं.

आणखी एक प्रश्न विचारला, आईला तो विचित्र वाटला: "याला हिंगाच्या फोडणीचा वास येतो का?" गर्भात जीएनआरएच पेशी नाकाकडूनच मेंदूत जातात. तो प्रवास अडला तर वासही येत नाही आणि मूल वयातही येत नाही. याला वास येत होता.

वडील सातपूरला कंपनीत. तोवर गप्प होते, मग म्हणाले, "मी पण बारावीतच उंच झालो." हे पहिल्याच भेटीत कळलं असतं तर निम्मी धास्ती गेली असती. असा उशीर घराण्यात चालत येतो.

मुलाशी आई-वडिलांना बाहेर बसवून बोलले. त्याला उंचीपेक्षा पीटीच्या तासाला सगळ्यांसमोर कपडे बदलायची लाज होती. वर्गशिक्षकांना सांगून तो घरूनच पीटीचा ड्रेस घालून जाऊ लागला.

आता दर तीन महिन्यांनी उंची भिंतीवर, अनवाणी, दिवसाच्या ठरलेल्या वेळी मोजायची. सहा महिन्यांनी पुन्हा मणी. मधे डोकेदुखीसोबत दिसायला कमी झालं किंवा तहान आणि लघवी एकदम वाढली, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.