पंधरा दिवस, दोघं आणि नऊ शहरं: युरोपची सहल कशी आखावी?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं नोकरदार जोडपं, पहिलाच युरोप, जूनमध्ये पंधरा दिवसांची रजा. यादीत लंडन, अ‍ॅमस्टरडॅम, ब्रुसेल्स, पॅरिस, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. स्वतः आखावं की टूर कंपनीबरोबर जावं, व्हिसा कुठल्या देशाचा काढावा, खर्च किती, जॅकेटं न्यावीत का, आणि दोघंही शाकाहारी असल्यामुळे जेवणाचं काय?

तुमची यादी वाचून हसू आलं, कारण २०१९ साली डोंबिवलीत आमच्या जेवणाच्या टेबलावर हुबेहूब अशीच यादी पडली होती. आमच्यात तर प्रागही होतं. "एवढे पैसे घालवून जातोयच, तर तेही बघून येऊ" या एका वाक्याने यादी रोज रात्री वाढायची. शेवटी प्राग आणि लंडन कापून आम्ही तेरा रात्रींत आठ शहरं केली. फोटो भरपूर आहेत. पण ब्रुसेल्सबद्दल आज काही आठवायला सांगितलं, तर मला फक्त एका लाँड्रीचं यंत्र आठवतं. त्यात आमचे कपडे फिरत होते आणि आम्ही दोघं समोर बसून पेंगत होतो.

२०२५च्या जूनमध्ये पुन्हा गेलो. चौदा रात्री, चार मुक्काम: पॅरिस ४, लाउटरब्रुनेन (स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेनजवळचं गाव) ४, व्हेनिस २, रोम ४. खाली जे लिहितेय ते या दोन सहलींच्या फरकातून आलेलं आहे.

आधी नकाशा बंद करा आणि कागदावर रात्री लिहा. मुक्काम बदलण्याचा दिवस बघण्याच्या दिवसांत धरायचाच नाही. कागदावर 'पॅरिस ते बाझेल तीन तास' दिसतं आणि वाटतं, अरे, हे तर पुणे-मुंबई. पण प्रत्यक्षात सकाळी बॅगा भरायच्या, अकराच्या आत खोली सोडायची, मेट्रोचे जिने चढउतार करत स्टेशन गाठायचं, वर फलाट ऐनवेळी लागतो. उतरल्यावर पुन्हा स्थानिक गाडी, आणि नव्या ठिकाणी तीनच्या आधी खोली मिळत नाही. म्हणजे चार वाजले. तोंड धुऊन बाहेर पडेपर्यंत पाच. नऊ शहरं म्हणजे असे आठ दिवस. तुमच्या पंधरांतले येण्या-जाण्याचे दोन वजा केले, तर उरतात पाच. पाच दिवसांत नऊ शहरं!

माझा सल्ला: लंडन या खेपेला सोडा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे वेगळा व्हिसा, वेगळी फी, वेगळे बोटांचे ठसे. तेवढ्या खटपटीत लंडन-स्कॉटलंडची स्वतंत्र सहल होईल. ब्रुसेल्स आणि मिलान ही तुमच्या यादीत वाटेवर लागतात म्हणून आलेली दिसतात, तीही काढा. अ‍ॅमस्टरडॅम की पॅरिस हे दोघांनी बसून ठरवा. फ्लॉरेन्सला आम्ही मुक्काम केलाच नाही. व्हेनिसहून रोमला जाताना मध्येच उतरलो, सामान स्टेशनवर पैसे देऊन ठेवलं, सहा तास पायी हिंडलो आणि संध्याकाळच्या गाडीने दीड तासात रोमला पोचलो. चित्रांचं खरं वेड असेल तर हे पुरणार नाही, पण नुसता डुओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च, आणि नदीवरचा जुना पूल बघायला पुरतं.

विमानाचं तिकीट जाताना एका शहराचं आणि येताना दुसऱ्या शहराचं काढा. बुकिंगच्या साइटवर 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. पॅरिसला उतरून रोमहून परत निघालात तर उलटं पॅरिसला जाण्याचा दिवस आणि भाडं दोन्ही वाचतं. २०१९ला हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

आता व्हिसा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. अर्ज पहिल्यांदा जिथे उतरणार त्या देशाकडे करायचा नसतो, ज्या देशात सर्वात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा असतो. रात्री समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश. आम्ही पॅरिसला उतरलो, पण रात्री मोजल्या तर फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ४, इटली ६. म्हणून अर्ज इटलीचा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तोच व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनचा प्रवास असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच अपॉइंटमेंट घ्या, एप्रिल-मेमध्ये अख्खा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो. फी मोठ्या माणसाला ९० युरो, सेवाशुल्क वेगळं, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं.

जोडप्यांसाठी एक बारीक गोष्ट. माझं आडनाव लग्नानंतरही माहेरचंच आहे आणि दोघांचा खर्च नवऱ्याच्या खात्यातून दाखवला होता. त्यामुळे माझ्या अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं 'हिचा खर्च मी करणार' असं पत्र जोडलं. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा, आदल्या दिवशी त्यासाठी धावाधाव होते. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येणारीच घ्या.

ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर ठसे आणि फोटो घेणारी नवी पद्धत सुरू झाली आहे. रांग लांबू शकते, म्हणून उतरल्या दिवशी तीन तासांत पुढची गाडी पकडायचा बेत ठेवू नका.

उन्हाळ्याबद्दल बोलते, कारण तुम्ही जॅकेटं विचारली आहेत आणि एसीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. २०१९च्या जूनअखेरीस आम्ही पॅरिसमध्ये होतो. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये ४६ अंशांचा विक्रम झाला, तिथल्या एका शालेय परीक्षेची तारीख पुढे ढकलावी लागली. आमच्या खोलीत एसी नव्हता, पंखाही नव्हता. छताला हुक असतो तिथे आपली नजर आपोआप जाते ना, तिथे नुसतं पांढरं छत. रात्री दोन वाजता ओले टॉवेल अंगावर घेऊन आम्ही खिडकीत बसलो होतो आणि नवरा म्हणाला, "डोंबिवलीत निदान लोडशेडिंग तरी संपतं." म्हणून दुसऱ्यांदा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो आणि पॅरिस-रोमला एसी आहे याची खात्री करूनच खोली घेतली. लिफ्टचीही खात्री करा. अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या घरांचे जिने माळ्यावरच्या शिडीसारखे उभे असतात. तेवीस किलोंची बॅग घेऊन तिसरा मजला मी एकदा चढले आहे, पुन्हा चढणार नाही.

उन्हाळ्याचा फायदाही सांगते. जूनमध्ये पॅरिसला दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी दोन ते पाच खुशाल खोलीवर पडा, संध्याकाळ पाच तासांची मिळते. नोत्रदामचं चर्च २०१९ला आगीनंतर बंद होतं, आता डिसेंबर २०२४पासून उघडलंय आणि आत जायला पैसे लागत नाहीत. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी खुली होतात आणि जूनची भराभर संपतात. कोलोसियमची तीस दिवस आधी, तीही नावानिशी, तेव्हा पासपोर्ट सोबत हवा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. वार बघून रात्री मांडा.

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखचं, म्हणजे बर्फाळ डोंगरावरच्या उंच रेल्वे स्टेशनचं, तिकीट घरून काढू नका. ३,४५४ मीटरवर ढग असले तर दोनशेहून जास्त फ्रँक देऊन पांढरा पडदा बघायला मिळतो. आम्ही चार रात्री ठेवल्या त्या यासाठीच. रोज रात्री वरच्या कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर बघायचो. पहिले दोन दिवस ढग, तिसऱ्या पहाटे लख्ख. लगेच पहिल्या गाडीने निघालो. निम्म्या भाड्याचं कार्ड, म्हणजे हाफ फेअर कार्ड, घेतलं होतं ते अशा महाग डोंगरगाड्यांवरच वसूल झालं. त्यांचा सरसकट पास आणि हे कार्ड यांचा हिशेब तुमच्या बेताप्रमाणे मांडून बघा, कारण पासवर युंगफ्राउच्या वरच्या टप्प्याला पूर्ण सूट नाही. उन्हाळ्यात रुळांची कामंही निघतात, तेव्हा गाड्यांच्या वेळा निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

व्हेनिसला पहिल्यांदा स्वस्त म्हणून बेटाबाहेर, मेस्त्रेला राहिलो होतो. तिथून रेल्वेने दहा मिनिटं. पण मग आपण गर्दीबरोबर आत येतो आणि गर्दीबरोबरच बाहेर पडतो. दुसऱ्यांदा बेटावर दोन रात्री काढल्या. सकाळी सहाला सान मार्को चौकात आम्ही, काही कबुतरं आणि झाडूवाले. अर्थात बेटावर राहायचं तर बॅग छोटी हवी. जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, आणि पाण्यातल्या बसचं एकेरी तिकीट साडेनऊ युरो. काही ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मुक्कामी माणसाला ते माफ असतं, पण ऑनलाइन नोंद करावी लागते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते: भांडण होणार. २०१९ला मिलानच्या स्टेशनवर फलाटावरून आमची अशी जुंपली की व्हेनिसपर्यंतचे अडीच तास आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. समोरच्या आजीबाईंनी दोघांना एकेक गोळी देऊ केली, तीही आम्ही वेगवेगळ्या दिशांना तोंड करून खाल्ली. दुसऱ्या खेपेला निघण्यापूर्वी खाती वाटून घेतली. गाड्या आणि तिकिटं त्याच्याकडे, राहणं-खाणं माझ्याकडे, दुसऱ्याच्या खात्यात बोलायचं नाही. आणि रोमला एक दिवस मुद्दाम वेगळे फिरलो. मी बोर्गेसे गॅलरीत गेले, तिथे आधी वेळ घेऊन दोनच तास आत राहता येतं. तो बाजारात आणि फुटबॉलच्या दुकानांत. संध्याकाळी सहाला पियाझ्झा देल पोपोलोमध्ये भेटलो, तेव्हा सांगायला दोघांकडे काहीतरी होतं. दहा दिवस चोवीस तास सोबत राहिल्यावर ही चैन वाटते.

टूर कंपनी वाईट नाही. आईबाबांना मी तिच्याबरोबरच पाठवलं, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळाला, खूश होते. पण त्यात ठरलेली बस, गावाबाहेरचं हॉटेल आणि 'पंचेचाळीस मिनिटांत परत या' हे गृहीत धरावं लागतं. तुम्ही दोघंही धडधाकट आहात आणि मोबाइलवर तिकिटं काढता, तर स्वतः जा.

खर्च: आम्हाला विमानासकट दोघांचे साधारण साडेसहा लाख आले. त्यात स्वित्झर्लंडने सर्वात मोठा लचका तोडला. कार्डाने पैसे देताना यंत्र 'रुपयांत की युरोत' असं विचारतं. नेहमी युरो निवडा, रुपयांतला दर त्यांचा असतो आणि महाग पडतो.

जेवणाचं. इटलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पॅरिसमध्ये थोडं शोधावं लागतं, स्वित्झर्लंडमध्ये स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. बाकरवडी, मेतकूट, खाकरे, डाळ-तांदूळ न्या. पण युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी आणि तूप घरीच ठेवा. सासूबाईंनी कढवलेल्या तुपाची बरणी मी विमानतळावर निघताना बॅगेतून बाहेर काढली, तेव्हा त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती मी विसरणार नाही. मग लाउटरब्रुनेनला दुकानातून लोण्याचा चौकोन आणला आणि खिडकीतून श्टाउबबाखचा धबधबा बघत छोट्या पातेल्यात तूप कढवलं. खिडकी उघडी ठेवा, तिथले धुराचे भोंगे फार हळवे असतात. मुगाच्या खिचडीवर ते तूप घालून त्याचा फोटो सासूबाईंना पाठवला. उत्तर आलं, "जरा जास्त कढलंय."