बोरन्हाणाला काळी साडी नेसायची आहे, पण ब्लाउज होत नाही

न्यू जर्सीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. बाळ आठ महिन्यांचं आहे, संक्रांतीला त्याचं बोरन्हाण करायचंय, सासूबाईही भारतातून आल्या आहेत. ती लिहिते, "ताई, आईची काळी इरकल नेसायची फार इच्छा आहे. इथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून एक काळी ऑर्गन्झाही आणून ठेवलीय. पण लग्नातला ब्लाउज दंडावरून वर चढत नाही, पोट अजून आत गेलेलं नाही. सासूबाई म्हणतात, अंगाला चिकटून काही घालू नकोस. सैल कुर्ता घालून मोकळी होऊ का?"

नको गं. सैल कुर्त्यात पोट लपत नाही. छातीपासून कापड सरळ खाली लोंबतं आणि वरपासून खालपर्यंत सगळं अंग पोटाएवढंच रुंद दिसतं. तुला साडीच शोभेल, आणि आईचीच. ऑर्गन्झा कडक असते, तिच्या निऱ्या पोटावर फुगून उभ्या राहतात. ती पुढच्या वर्षी नेस. वर्षानुवर्षं धुऊन नेसून मऊ झालेली इरकल अंगाबरोबर खाली पडते. त्यात काळा रंग, म्हणजे घड्या आणि सावल्या दिसतच नाहीत, आणि लाल पदरामुळे बघणाऱ्याची नजर आधी खांद्याकडे जाते.

आता ब्लाउज, कारण सगळं त्याच्यावर आहे. जुना ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण बघ. आपल्याकडचे शिंपी आत माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेवतात. दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या भागात अर्धा-अर्धा इंच सोडला तरी घेर दोन इंचांनी वाढतो. मात्र नुसती बाजू उसवून भागत नाही, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा गोलावा) आणि बाहीची शिवणही तेवढीच सोडावी लागते, नाहीतर छातीत सैल आणि दंडात आवळ अशी गत होते. जुन्या शिवणीची रेघ काखेखाली राहते, ती दिसत नाही. माया पुरत नसेल तर काखेखाली त्याच रंगाची पट्टी जोडून घे.

आणि नवा शिवणार असशील तर माप आजचं दे, हे मी कळवळून सांगते. धाकटीच्या वेळी मीही 'महिन्याभरात उतरेल वजन' म्हणून जुना मापाचा ब्लाउज पुण्याला पाठवला होता. चार सुंदर ब्लाउज शिवून आले आणि चारही कपाटात राहिले. घट्ट ब्लाउज पाठीवर वळ्या काढतो, सैल ब्लाउज खांद्यावरून उतरतो, दोन्हीत बाई आहे त्यापेक्षा जाड दिसते. त्या दिवशी आत जे घालणार आहेस तेच घालून माप घे, स्वेटरवरून नको. दूध पाजत असशील तर पाजण्याआधी घे, तेव्हा छाती भरलेली असते. हूक पुढेच ठेव. अस्तर सुती घेतलंस तर आधी भिजवून वाळवायला सांग, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं.

बाही दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपू देऊ नकोस, कोपराच्या जरा वर आण. जानेवारीतल्या तिकडच्या थंडीत ती उबेलाही बरी. मान बेताची असेल तर गळा थोडा खोल चौकोनी घे आणि ठुशीऐवजी मोहनमाळ घाल.

परकराकडे कुणी बघतच नाही. चुण्यांचा सुती परकर कमरेभोवती आणखी एक थर चढवतो. कमरेला सपाट बसणारा, खाली पाऊल टाकण्यापुरता घेर असलेला परकर घे. बारीक नाडी पोटात रुतते आणि वरचं मांस बाहेर ढकलते, तिच्याऐवजी रुंद पट्टा लाव. सिझेरियन झालं असेल तर टाक्यांच्या रेषेवर काही बांधू नकोस, नाभीच्या पातळीला बांध. थंडीसाठी आत लेगिंग घातलीस तरी चालेल.

नेसताना आधी चपला घाल, नाहीतर साडी वर राहते. पहिला वेढा ताणून घे. निऱ्या कमी आणि रुंद कर, तळहाताने खालपर्यंत दाबून सपाट कर आणि बेंबीच्या किंचित डावीकडे खोच. उरलेलं कापड पुढे कोंबू नकोस, डाव्या बाजूला पसरून खोच. पदराच्या घड्या करून उजव्या कमरेपासून डाव्या खांद्यापर्यंत तिरका ने. ती तिरकी रेघ पोटावरून जाते आणि कंबर तिच्यामुळे दिसते. सुटा पदर हातावर घेतला की पोट झाकतं खरं, पण दंड रुंद दिसतो, शिवाय बाळाला घेताना तोच आड येतो. पिना शक्यतो पाठीमागच्या बाजूला लाव, बाळाचे हात पहिल्यांदा खांद्याकडेच जातात.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांच्याशी वाद घालू नकोस, नेसायला त्यांनाच मदतीला बोलाव. त्यांच्या सासूबाई नऊवारी नेसत असतील तर त्यांना ते चापूनचोपून नेसणं आठवत असेल. काष्टा ओढून नेसलेल्या नऊवारीत बाईचा बांधा जितका स्पष्ट दिसतो तितका आपल्या कुठल्याच कपड्यात दिसत नाही, आणि तिला कुणी कधी असभ्य म्हटलं नाही. नीटनेटकं आणि अंगासरशी असणं वेगळं, आवळून ताणलेलं असणं वेगळं. मला वाटतं, सासूबाईंना नको आहे ते दुसरं.

संक्रांत फार जवळ आली असली तर घाबरू नकोस, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करतात. आठवडाभर आधी साडी पूर्ण नेसून बघ, बाळाला कडेवर घे, पाटाशी खाली बस, ऊठ. बोरं-चुरमुरे वेचायला मुलं धावतील तेव्हा तुलाही वाकायचं आहे. त्या वेळी ब्लाउज पाठीत वर सरकला तर लांबी अर्धा इंच वाढवून घ्यायला वेळ हाती असू दे.