घरी पहिल्यांदाच कोल्ड प्रोसेस साबण (तेलं आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र करून, न शिजवता साच्यात ओतायचा) करायचा आहे. साचा सिलिकॉनचा घ्यावा की लाकडी? घरातलं केकचं भांडं चालेल का?

केकच्या भांड्याचं आधी सांगते, कारण तो उद्योग मी करून बसले आहे. भांडं अ‍ॅल्युमिनियमचं होतं. आत बटर पेपर घातलाय म्हणजे झालं, असं वाटलं. मिश्रण ओतल्यावर ते कागदाच्या कोपऱ्यातून खाली झिरपलं, कडेनं बुडबुडे यायला लागले आणि भांडं काळं पडलं. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हा वायू पेट घेणारा, आणि माझं भांडं गॅसच्या शेगडीशेजारी! साबण आणि भांडं दोन्ही टाकून दिलं. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचं काहीही नको. साचा नको, पातेलं नको, चमचाही नको. स्टीलचा डबा कॉस्टिकला टिकतो, पण त्यातून साबण बाहेर काढताना नाकीनऊ येतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या साबणासाठी साचा विकतच घेऊ नका. ज्यूसचा 1 लिटरचा रिकामा खोका धुऊन, पूर्ण वाळवून, वरून कापून उभा ठेवा. साबण घट्ट झाला की खोका सरळ फाडून काढायचा. या खोक्यातही अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, पण त्यावर आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. म्हणून आत सुरी किंवा घासणी लावू नका आणि कापलेल्या कडेपर्यंत मिश्रण भरू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सिलिकॉनचा पावाच्या आकाराचा लांबट साचा घ्या. कागद लावायची कटकट नाही, उलटा करून हलकेच ढकललं की साबण बाहेर. मात्र नुसत्या सिलिकॉनच्या साच्याचं मधे पोट सुटतं आणि वड्या बसक्या, फुगीर निघतात. दोन्ही बाजूंना विटा किंवा जाड पुस्तकं टेकवून ठेवली की भागतं. लाकडी खोक्यात सिलिकॉनचं अस्तर, अशी जोडीही मिळते आणि ती उत्तमच, पण आवड टिकतेय की नाही हे कळल्यावर घ्या. नुसत्या लाकडी साच्यात बटर पेपर नीट बसवणं ही वेगळीच कला आहे. साच्यात ओतलेलं मिश्रण आपोआप तापतं. लाकडाचा फायदा म्हणजे ही ऊब धरून ठेवतं, त्यामुळे साबण सगळीकडून सारखा तापतो. सुट्या छोट्या साच्यांत ऊब पटकन निघून जाते आणि कधीकधी वडीच्या मधोमध गडद गोल राहतो. वापरायला काही बिघडत नाही, फक्त दिसतं तसं.

गुलाब, कमळ, गणपती असले नक्षीदार साचे सुरुवातीला नकोत. त्यात साबण नीट सुटायला वेळ लागतो, घाई केली की पाकळ्या साच्यातच राहतात. साधे चौकोनी सुटे साचे मात्र एका बाबतीत कामाचे: नुसत्या खोबरेल तेलाचा साबण फार लवकर कडक होतो आणि कापायला थोडा उशीर झाला की सुरीखाली ठिसूळ होऊन तुटतो. सुट्या साच्यात कापायचा प्रश्नच नाही.

आता माप. नवीन माणूस रेसिपी आधी धरतो आणि साचा नंतर शोधतो, मग उरलेलं मिश्रण हातात घेऊन घरभर वाट्या शोधत फिरतो. उलट करा. साचा वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि जिथपर्यंत साबण हवा तिथपर्यंत पाणी भरा. जितके ग्रॅम पाणी, त्याच्या साधारण 70 टक्के तेलं. म्हणजे 870 ग्रॅम पाणी मावलं तर सगळी तेलं मिळून 600 ग्रॅमच्या आसपास. मग साचा कोरडा करा, आणि कॉस्टिकचं वजन त्या-त्या तेलांप्रमाणे लाय कॅल्क्युलेटरवर (तेलांची वजनं टाकली की किती कॉस्टिक लागेल ते सांगणारं ऑनलाइन गणकयंत्र) काढा, अंदाजानं नाही.

साच्यातून काढायला 24 ते 48 तास थांबा. सिलिकॉनमध्ये हवा लागत नाही, म्हणून आणखी एखादा दिवस लागू शकतो. कोकणात राहत असाल आणि पावसाळा असेल तर धीर धराच. बोटानं दाबून खळगा पडत असेल तर साबण तयार नाही (हातमोजे घालून दाबा, ताजा साबण हाताला झोंबतो). अगदीच चिकटला तर काही तास फ्रीझरमध्ये ठेवला की आकसून सुटतो. मग बर्फीच्या पाडतो तशा वड्या पाडायच्या. एकदा साबणाला वापरलेला साचा परत केकसाठी घ्यायचा नाही. मी त्यावर मार्करनं मोठ्ठं 'साबण' लिहून ठेवलंय, कारण आमच्याकडे सासूबाईंनाही ढोकळ्यासाठी तोच साचा आवडतो.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला स्वतःचा साबण हवा असेल तर लवकर ओता. वड्या 4 ते 6 आठवडे मुरू द्याव्या लागतात. अनंत चतुर्दशीला ओतलात तर नरकचतुर्दशीपर्यंत सहा आठवडे भरतात. घटस्थापनेला ओतलात तर जेमतेम चार.