इंग्लंडमध्ये काउंटीतल्या रानवनस्पतींची नोंद करणाऱ्या स्वयंसेवकांत सामील व्हायला वनस्पतिशास्त्र शिकलेलं असावं लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त लंडनजवळच्या स्लाऊला आलात, शनिवार-रविवार मोकळे असतात, काउंटीतल्या, म्हणजे इथल्या जिल्ह्यातल्या, रानझाडांची नोंद करत हिंडणारे लोक असतात असं ऐकलंत. त्यांच्यात जायला पदवी लागते का, ते नक्की करतात काय आणि काही मानधन मिळतं का.

पदवी लागत नाही. मी स्वतः बी.कॉम., पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सहा वर्षांपूर्वी डेझी आणि डँडेलायन सोडून इथलं एकही रानफूल मला नावाने माहीत नव्हतं. गवतांपुढे अजूनही माझी बोबडी वळते. तरी दर वर्षी माझ्या चार-पाचशे नोंदी जातात आणि बहुतेक पास होतात.

आधी एक घोळ मिटवते. तुमच्या घराच्या पत्त्यात बर्कशर लिहिलेलं असेल, पण वनस्पतींची नोंद ठेवणाऱ्यांच्या लेखी तुम्ही बकिंगहॅमशरमध्ये राहता. १८५२ साली ह्यूएट वॉटसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदींसाठी ब्रिटनचे ११२ भाग पाडले. त्यांना व्हाइस-काउंटी म्हणतात आणि त्यांच्या सीमा सरकारने काहीही केलं तरी हलत नाहीत. १९७४च्या फेररचनेत स्लाऊ बकिंगहॅमशरमधून बर्कशरमध्ये आलं, ॲबिंग्डन बर्कशरमधून ऑक्सफर्डशरमध्ये गेलं. झाडांच्या नकाशात एक रेघही बदलली नाही. मी राहते ते कॅव्हरशॅम १९११पर्यंत ऑक्सफर्डशरमध्ये होतं. त्यामुळे थेम्सवरचा पूल ओलांडून रेडिंगला भाजी आणायला गेले की माझी काउंटी बदलते! मला हे आधी खुळ्यासारखं वाटलं होतं. पण शंभर वर्षांपूर्वीची नोंद आजच्या नोंदीशी ताडून बघायची तर खालची चौकट स्थिर हवी. २०१४ साली ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा जुन्या पुस्तकातल्या ‘ठाणे जिल्ह्यात आढळते’ या वाक्याचं काय करायचं? तोच हा प्रश्न.

आता करतात काय. प्रत्येक व्हाइस-काउंटीला एक किंवा दोन रेकॉर्डर असतात. हे काम ‘बॉटनिकल सोसायटी ऑफ ब्रिटन अँड आयर्लंड’ या संस्थेचं, आणि हे रेकॉर्डरही बिनपगारी स्वयंसेवकच. काउंटीचे दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात, एकेकाला टेट्रॅड म्हणतात. एखाद्या शनिवारी पाच-सहा जण एका चौकोनात जातात आणि दिसेल ते झाड, झुडूप, गवत, भिंतीतलं नेचं, गटाराकडेचं तण, सगळं लिहून काढतात. आमच्या गटात अजून छापील कार्ड वापरतात. त्यावर नेहमीच्या वनस्पतींची लॅटिन नावं जागा वाचवायला अर्धवट तोडून बारीक अक्षरात छापलेली असतात; झाड दिसलं की त्या नावावर पेन्सिलीने काट मारायची. चालण्याचा वेग इतका कमी की पहिल्या दिवशी मला वाटलं आपण कुणाची तरी वाट बघत थांबलोय. पहिल्या तासात आम्ही पार्किंगच्या बाहेरच पडलो नव्हतो. तिथेच चाळीसेक नावं झाली होती, त्यात एक बुटकं, पाकळ्या नसलेल्या शेवंतीसारखं तण. ते चुरगळलं की चक्क अननसाचा वास येतो. त्याचं नावही पाइनॲपल-वीड.

मी फक्त कार्ड धरायला होते. दुपारी एका शेताच्या बांधावर आलो आणि मला एकदम ओळखीचा चेहरा दिसला. चाकवत. पानावर पिठूळ पांढरी भुकटी, बदकाच्या पायासारखा पानाचा आकार. आमच्या गटातले सगळ्यात जुने गृहस्थ ऐंशीच्या पुढचे आहेत. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, पण मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. त्यांना मी म्हटलं, हे मला येतं, याची ताकातली भाजी खाऊन मी मोठी झालेय. त्यांनी विचारलं, ‘खात्री आहे?’ मी हो म्हटलं. तरी गुडघा टेकून, भिंग काढून त्यांनी दोन मिनिटं ते नीट बघितलं, कारण त्याच्यासारखी दिसणारी त्याची भावंडं बरीच आहेत. मग मान डोलावली आणि काट माझ्या हाताने मारायला लावली. थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण या कामात ‘मला येतं’ला किंमत नाही, ‘बघितलं’ला आहे, हे मला तिथे कळलं.

भिंग मात्र घ्या, दहा पटीचं. ते शेरलॉक होम्ससारखं हात लांब करून धरायचं नसतं. डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि फूल हळूहळू भिंगाकडे आणायचं. हे मला कुणी सांगेपर्यंत महिनाभर मी सगळं धूसर बघत होते. गवतं एकदम अंगावर घेऊ नका. एकच सांगते, यॉर्कशर-फॉग नावाचं गवत बुडाशी बघा: पांढऱ्यावर गुलाबी-जांभळ्या उभ्या रेघा, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यासारख्या. ते एक आलं की पुढच्याची हिंमत येते.

नोंदीत चार गोष्टी हव्यात: काय, कुठे, कधी, कुणी पाहिलं. एखादी नसेल तर नोंद बाद. टेस्टिंगवाल्यांना हे सांगायला नको, बग रिपोर्टचंही तेच. आणि तरीही मी माती खाल्ली. कॅव्हरशॅमच्या नदीकाठी हिमालयन बाल्सम फुललेला होता. हा आपल्या तेरड्याचा सख्खा चुलतभाऊ, पण माणसाच्या उंचीचा. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की तेरड्यासारखीच फटकन फुटते, बी सात-सात मीटरपर्यंत उडतं. १८३९ साली बागेची शोभा म्हणून हिमालयातून आणला, आता नदीकाठ गिळत सुटलाय. उन्हाळ्यात स्वयंसेवकांच्या टोळ्या तो उपटायला जातात. मी त्याची नोंद केली, नकाशावरचा चौकोन एसयू ७१७४. म्हणजे करायला हवी होती. मी लिहिलं ७४७१. आधी पूर्वेचे आकडे, मग उत्तरेचे, हा क्रम डोक्यात असूनही आकड्यांची अदलाबदल झाली आणि माझा तेरडा थेम्स ओलांडून अर्लीच्या घरांमध्ये जाऊन उगवला, तोही दुसऱ्या व्हाइस-काउंटीत. रेकॉर्डरबाईंची मेल आली: ‘तिथे नदी कधीपासून वाहते?’

दुसरी चूक जास्त शिकवणारी होती. एप्रिल-मेमध्ये इथल्या जंगलांत ब्लूबेलचे निळे गालिचे पसरतात. मला थेम्सकाठच्या पायवाटेवर काही दिसली, मोबाइलच्या ॲपनेही ‘ब्लूबेल’ म्हणून सांगितलं, मी देशी ब्लूबेल म्हणून पाठवून दिली. उलट प्रश्न आला: परागकोशांचा रंग कोणता होता? मी बघितलाच नव्हता. परत गेले. देशी ब्लूबेलची फुलं देठाच्या एकाच बाजूला लवलेली असतात, वास गोड, परागकोश सायीच्या रंगाचे. माझी ताठ उभी, चहूबाजूंनी फुललेली, परागकोश निळसर. बागेतून सुटलेला स्पॅनिश संकर. ॲपला नावं ठेवत नाही, मीही वापरते, पण ॲप काढून देतं तो अंदाज. नोंद तुमच्या नावावर जाते. शंका असेल तर सरळ ‘शंका आहे’ लिहा, त्यात कमीपणा काही नाही. दुर्मीळ काहीतरी सापडावं म्हणून धडपडणारे नवखे रेकॉर्डरना डोकेदुखी असतात. रस्त्याकडेच्या प्लँटेन नावाच्या साध्या तणाची तारीख-चौकोनासकट खरी नोंद त्यांना जास्त प्यारी. तुमच्या चौकोनातलं सामान्य तण कुणीच लिहिलं नाही, तर पन्नास वर्षांनी ते तिथे नव्हतंच असं नकाशा सांगणार.

शिकलेल्या-न शिकलेल्याचं म्हणाल तर या भागातला सगळ्यात मोठा नोंदकर्ता जॉर्ज क्लॅरिज ड्रूस. हा माणूस ऑक्सफर्डमध्ये औषधांचं दुकान चालवायचा. त्याचं बर्कशरच्या वनस्पतींवरचं पुस्तक १८९७ साली आलं. ऑक्सफर्ड रॅगवर्ट नावाचं एक पिवळं फूल आहे. मूळचं सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरचं. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून ते निसटलं, रुळांखालची खडी आणि राख त्याला ज्वालामुखीसारखीच वाटली आणि गाडीमागच्या वाऱ्यावर बी देशभर गेलं. ड्रूसने लिहून ठेवलंय की ऑक्सफर्डजवळ त्याचं बी डब्याच्या खिडकीतून आत आलेलं त्याने पाहिलं. ते हवेत तरंगत राहिलं आणि टाइलहर्स्टला बाहेर पडलं. टाइलहर्स्ट म्हणजे रेडिंगच्या अलीकडचं स्टेशन. त्या मार्गावरून जाताना मी अजून खिडकीबाहेर रुळांकडे बघते.

या सगळ्या काटांचं पुढे काय होतं? रेकॉर्डर तपासून बॉटनिकल सोसायटीच्या साठ्यात घालतात आणि साधारण दर वीस-चाळीस वर्षांनी देशाचा नकाशासंग्रह निघतो: पहिला १९६२चा, दुसरा २००२चा, तिसरा २०२३चा. तिसऱ्याने दोन धक्के दिले. ब्रिटनमधल्या देशी वनस्पतींपैकी ५३ टक्के प्रजाती घटल्या आहेत, आणि बाहेरून आलेल्या वनस्पतींच्या प्रजाती आता देशी प्रजातींपेक्षा संख्येने जास्त आहेत. सगळ्यात जास्त फैलाव कुठल्या झाडाचा वाढला, तर लाकडासाठी लावलेल्या उत्तर अमेरिकेतल्या सिटका स्प्रूसचा. यातली एकही गोष्ट कुणी खुर्चीत बसून काढलेली नाही. ती हजारो लोकांच्या शनिवारांतून आली आहे.

सुरुवात जानेवारीत करा. नवीन वर्षाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत ‘न्यू इयर प्लँट हंट’ असते: जास्तीत जास्त तीन तास चालायचं आणि फुललेली तेवढीच रानझाडं लिहायची. थंडीत फुलतं तेच मोजकं, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होत नाही. त्याआधी बकिंगहॅमशरच्या रेकॉर्डरना (बर्कशरच्या नव्हे!) मेल टाका, नोंदी पाठवायला संस्थेचं सभासद असावं लागत नाही.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. १९८१च्या कायद्याप्रमाणे जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानझाड मुळासकट उपटायचं नाही, आणि काही संरक्षित प्रजातींना तर हातही लावायचा नाही. एरवी ओळखीसाठी एखादी फांदी हवीच असेल, तर आसपास तशी वीस झाडं असली तरच एक तोडा. सार्वजनिक पायवाट शेतातून जात असेल तर बिनधास्त जा, वाट सोडायची तर विचारून. आणि आपल्या लोकांसाठी खास: पाण्याकाठी कोथिंबिरीसारखं काही दिसलं तर चव घेऊन बघू नका. हेमलॉक वॉटर-ड्रॉपवर्ट अगदी तसंच दिसतं आणि त्याने माणसं मेलेली आहेत.

मानधन नाही. बसचं तिकीट आपलं, डबा आपला, भिंगही आपलंच. आमच्या गटात मध्यंतरी मी थालीपीठ नेलं होतं, तेव्हापासून डबा दोन माणसांचा न्यावा लागतो.