कोऱ्या कागदावर सही करू नकोस

पोरा,

रविवारी तू गेल्यावर पाहिलं, तुझा चहा तसाच राहिला होता. प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली, पण डाव्या हाताने कप उचलायची सवय अजून लागली नाही तुला. जाताना दारात म्हणालास, "काका, शेठ तसे चांगले आहेत, स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. त्यांच्या विरोधात कसं जाऊ?" त्या बोलण्याने दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

शेठ चांगले असतील. तुमचं भांडण लावून मला काय मिळणार आहे? मला फक्त अपघाताचा खरा कागद हवा आहे. कुठे झाला, किती वाजता झाला, कुठल्या मशीनवर झाला. एवढंच.

१९९४ साली भोसरीच्या एका शेडमध्ये मी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर होतो. आम्ही सगळे मिळून सात जण, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नव्हतं. पेडलचं मशीन होतं. एकदा स्ट्रोक डबल आला, म्हणजे पेडल एकदा दाबलं आणि प्रेस दोनदा खाली आला, आणि उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. मालक माझ्याही उशाशी बसले. घरी गहू-तांदूळ पाठवले. आणि केसपेपरवर लिहिलं गेलं, 'घरी दारात बोट सापडले.' मी ते वाचलं होतं. वाचता येत होतं मला, आणि तरी खाली सही केली, कारण उपकाराखाली मान वर होत नव्हती. अख्खी तर्जनी म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात १४ टक्के अपंगत्व. हे कळायला मला तीन वर्षं लागली, आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा होता. वकिलांनी तो केसपेपर पाहिला, घडी घातली आणि काही न बोलता परत माझ्या हातात ठेवला.

म्हणून तुला पुन्हा सांगतो. हक्क सोडल्याचं लिहून दिलंस तरी असला करार कायदा मानत नाही, त्यातून बाहेर पडता येतं. पण अपघात घरी झाला असं एकदा तुझ्या सहीनिशी लिहिलं गेलं, की मागाहून खरं सांगणारा तूच खोटा ठरतोस. ठेकेदार जो कोरा कागद पुढे करतोय, त्यावर काय लिहायचं हे त्याने आधीच ठरवलेलं आहे.

आता त्या सहीच्या बदल्यात ते देऊ करतायत त्या ४० हजारांचं. तुझा पगार १४ हजार. एका हाताची दोन बोटं म्हणजे तक्त्यात २० टक्के. ईएसआयमध्ये कायमच्या अपंगत्वाला साधारण पगाराच्या ९० टक्क्यांवर हिशेब होतो, त्याचे २० टक्के धर. महिन्याला ढोबळमानाने अडीच हजार, आणि ते हयातभर. टक्केवारी शेवटी मेडिकल बोर्ड ठरवेल, पण अंदाज तर येतो? त्यांचे ४० हजार सोळा महिन्यांत संपतात. तू बावीस वर्षांचा आहेस रे!

ईएसआयचं कार्ड अपघाताच्या दिवशीच काढलं म्हणून घाबरू नकोस. बऱ्याच पोरांच्या बाबतीत हेच चालतं. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ईएसआयचं संरक्षण असतं, हप्ता भरलेला असो वा नसो. फक्त तू आठ महिने आधीपासून तिथे होतास हे दिसायला हवं. पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, रात्रपाळीचे व्हॉट्सॲप मेसेज, गेटवरच्या हजेरीचा फोटो, काहीही पुसू नकोस. अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, मालकाने भरून द्यायचा असतो. दिला नाही तर तूच ईएसआयच्या ऑफिसात लेखी अर्ज कर आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय त्या खिडकीवरून हलायचं नाही.

आणि "सेन्सर बंद आहे हे मला माहीत होतं, म्हणजे चूक माझीच" हे कोणी शिकवलं तुला? हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या त्या सेन्सरला वायरचा जंपर मारून बंद कोणी केलं? दोन बटणांपैकी एकात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून कोणी ठेवलं? तासाला किती पीस काढायचे हे तू ठरवत होतास का? दोन्ही बटणांवर दोन्ही हात असते तर तुझा हात डायखाली गेलाच नसता, बटणं दोन ठेवतात ती त्यासाठीच. मालकाचं काम करताना इजा झाली की ईएसआयच्या पैशासाठी तुझी चूक आडवी येत नाही. मला राग येतो तो याचा, की तुझी बोटं गेली आणि माफीही तूच मागतोयस.

माझ्याबद्दल तुला कोणी ना कोणी सांगेलच, तेव्हा मीच सांगतो. २००६ साली एका कंत्राटी कामगाराला मी ६० हजारांची तडजोड करू दिली नाही. केस सहा वर्षं चालली. पैसे मिळाले, १२ टक्के व्याजासकट मिळाले, पण तोवर त्याचं गावाकडचं शेत विकलं गेलं होतं. तो आता माझ्याशी बोलत नाही. मी हट्टी आहे असं लोक म्हणतात. मी त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही, एकही तारीख चुकवली नाही. पण घर कसं चालवतोस हे मी त्याला विचारायला हवं होतं, आणि ते मी विचारलं नाही. तुला विचारतो. या महिन्याचं भाडं द्यायला आहे का? आईला कळवलंस का? नसेल तर आधी ते बोलू. पण कागदाच्या बाबतीत मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही बरोबर आहे.

गुरुवारी संध्याकाळी ये. दवाखान्यातून सुटतानाचा कागद आण, त्यात इजा कशी झाली म्हणून लिहिलंय ते आधी बघू. चुकीचं असेल तर शुक्रवारी सकाळीच दुरुस्तीचा अर्ज देऊ, मी बरोबर येईन. त्याच्या आत ठेकेदार खोलीवर आला तर सांग, काकांना विचारल्याशिवाय सही नाही. शिव्या मला घालू देत.

तुझा,
काका