पवनचक्क्या येतायत, गावाला नक्की काय मिळणार?

प्रश्न : आमच्या टेकडीवर दहा पवनचक्क्या उभ्या करायचा प्रस्ताव आलाय. कंपनीची माणसं मीटिंग घेऊन सांगून गेली की गावाला दरवर्षी निधी देऊ आणि वर एक सभागृह बांधून देऊ. अर्धं गाव खूश आहे, अर्धं म्हणतंय ही सरळ लाच. काय करावं?

उत्तर : "विरोध मागे घ्या, मग पैसे देऊ" असं म्हणत असतील तर लाचच की हो. ब्रिटनमध्ये म्हणूनच या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात, परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना असला निधी धरतच नाहीत. तुम्हीही तसंच करा, म्हणजे ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो खुशाल नोंदवावा आणि निधीच्या बोलणीलाही बसावं, त्यात काही चूक नाही.

सभागृहाचं मात्र सोडून द्या. एकदा बांधून फोटो काढले की कंपनी मोकळी, मग गळकं छप्पर, लाइटबिल, किल्ली कोणाकडे यावरची भांडणं सगळं तुमच्या गळ्यात.

मागायचं ते वर्षाला मिळणारं मागा. स्कॉटलंडमध्ये सरकारने शिफारस केलेला आकडा चक्क्यांच्या क्षमतेच्या दर मेगावॅटमागे वर्षाला ५,००० पौंड, तोही महागाईप्रमाणे वाढणारा (सक्ती नाही, शिफारसच आहे). तुमच्या चक्क्या प्रत्येकी ४ मेगावॅटच्या धरल्या तर ४० मेगावॅट झाले, म्हणजे त्या हिशेबाने वर्षाला २ लाख पौंड. आयर्लंडमध्ये सरकारी लिलावातून वीजविक्रीचा करार मिळालेल्या प्रकल्पांना तयार झालेल्या विजेच्या हजार युनिटमागे २ युरो द्यावेच लागतात. वर्षभरात चक्क्या क्षमतेच्या साधारण ३० टक्के चालल्या तर ही रक्कमही २ लाख युरोच्या जरा वरच जाते, मग फरक काय असं वाटेल, पण फरक आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ऊर्जा आठव्या हिश्श्यावर येते, शिवाय ग्रिडमध्ये, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यात, जागा नसली की चांगल्या वाऱ्यातही चक्क्या बंद ठेवायला सांगतात, मग युनिटवर बांधलेला निधी लगेच घसरतो. मी तरी मेगावॅटवरच अडून बसेन, वारा कमी-जास्त झाल्याची जोखीम कंपनीने घ्यावी, त्यांचा धंदाच तो आहे.

आणि हे सगळं लेखी, कारण असे प्रकल्प उभे राहिले की बऱ्याचदा विकले जातात, नवा मालक म्हणतो आम्ही कुठे काय बोललो होतो. पुढच्या प्रत्येक मालकाला करार लागू राहील हे वाक्य वकिलाकडून घालून घ्या.

जमलं तर हिस्साच मागा. डेन्मार्कने २००८ च्या कायद्यात निदान २० टक्के मालकी आसपासच्या लोकांना देऊ करायची अटच घातली होती. स्कॉटलंडच्या गिगा बेटावरच्या लोकांनी २००२ मध्ये अख्खं बेट विकत घेतलं आणि नंतर तीन सेकंडहॅंड चक्क्या आणून स्वतःच्या मालकीने चालवल्या, लाडाने त्यांना नाचणाऱ्या बायका म्हणतात. फक्त मालक झालात की गिअरबॉक्स गेल्यावर खर्चही तुमचाच, एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : पोरांना नोकऱ्या लागतील का?

उत्तर : बांधकाम चालू असेपर्यंत बऱ्याच. रस्ते, खोदाई, काँक्रीट, क्रेन. नंतर थोडेच टेक्निशियन लागतात आणि तेही ट्रेनिंग घेतलेले, त्यामुळे निधीतला काही भाग आत्तापासूनच ट्रेनिंगला ठेवला तर तिथे तुमची पोरं दिसतील, नाहीतर बाहेरचीच.

प्रश्न : पंचवीस वर्षांनी चक्क्या म्हाताऱ्या झाल्या की काढणार कोण?

उत्तर : हा प्रश्न मीटिंगमध्ये कोणी विचारला नसेल तर पुढच्या वेळी आधी हाच विचारा. लोखंडाला भंगारात भाव येतो, पण फायबरग्लासची पाती आणि जमिनीतलं शेकडो टन काँक्रीट फुकट कोणी उचलत नाही. काढण्याच्या खर्चाची बँक गॅरंटी (कंपनीने पैसे दिले नाहीत तर बँक देईल अशी हमी) काम सुरू व्हायच्या आधी घ्या, "शेवटी बघू" म्हणाले तर तेव्हा कंपनी असेलच असं नाही.